पाटीवरचं खालचं नाव

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी बहारीनला गेले, त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं ठरवलं आणि पहिल्या वाक्यापाशीच अडले. ही जी मराठी मी इथे लिहिते आहे, ती मला शाळेने आणि कॉलेजने दिली. घरात आम्ही असं बोलत नव्हतो.

आमचं गाव वसईच्या खाडीकाठी. आम्ही घोड्याला घोरा म्हणतो, होडीला होरी, इकडेला इकरं. गावात होते तोवर ही काही वेगळी बोली आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मराठी म्हणजे हीच, आणि पुस्तकातली ती पुस्तकासाठी. मुंबईच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी काहीतरी बोलले आणि एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "परत म्हण ना." तिला ऐकू आलं नसेल असं समजून मी परत म्हटलं. तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्याच हसल्या. दुष्टपणे नाही. एखाद्या लहान मुलाने बोबडं बोलल्यावर हसतात तशा. मला ते जास्त लागलं.

त्यानंतर मी माझी मराठी दुरुस्त केली. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं, त्यामुळे इंग्रजीही दुरुस्त करायचा प्रयत्न चालू होता. नन्सच्या होस्टेलमध्ये रात्री उशीत तोंड खुपसून मी इंग्रजी शब्द पुटपुटायचे. आणि पहिल्या सुट्टीत बहारीनला आई-बाबांकडे गेले तेव्हा आईचं बोलणंही दुरुस्त करायला घेतलं. ती हसून म्हणायची, "बरं, असं काय? आता असं म्हनते. म्हणते." तिला मजा वाटतेय, असं मला वाटायचं.

बाबा जनाबियातल्या एका कंपाउंडच्या क्लबमध्ये स्वयंपाकी होते. कंपाउंडमध्ये एका परदेशी कंपनीच्या इंजिनिअरांचे व्हिला, आणि मागच्या भिंतीला लागून, जनरेटरच्या खोलीशेजारी, आमच्या दोन खोल्या. सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल तेव्हा अर्धाच झाला होता. क्लबच्या गच्चीवरून त्याचे खांब दिसायचे. बाबा चौथी शिकलेले, आईला फक्त सही येते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ही गोष्ट बाबांनी गेटवरच्या वॉचमनपासून कोल्ड स्टोअरच्या मल्याळी दुकानदारापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती. "माजी पोर बी. ए. करते. इंग्लिश एकदम फर्स्ट क्लास." मी समोर असले की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. माझं इंग्रजी कसं आहे, हे मला माहीत होतं.

बाबांच्या या जाहिरातीमुळेच मला ते काम मिळालं.

कोपऱ्यातल्या व्हिलात फिनलंडचं एक कुटुंब राहायचं. नवरा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर इंजिनिअर. बायको उंच, पापण्यासुद्धा पांढुरक्या. एसीतून ठिबकणारं पाणी डब्यात धरून ती त्यावर टोमॅटोची रोपं जगवायची. मुलगी सहा संपून सातवं लागलेली. जूनच्या सुरुवातीला ते कायमचे परत जाणार होते. मॅडमना सामान बांधायचं होतं, बाहेर ऊन इतकं की मुलीला अंगणात सोडता येत नव्हतं. दुपारी तिच्याशी कोणी खेळायला हवं होतं.

मी गेले ती मनात इंग्रजीचा हिशेब धरून. दोन महिने रोज खऱ्या गोऱ्या माणसांशी बोलायला मिळेल, असं वाटलं होतं. मॅडमनी मला थंड सरबत दिलं आणि समोर बसून अगदी उलट सांगितलं.

"तिच्याशी इंग्रजी बोलू नकोस, प्लीज. तुझ्या घरच्या भाषेत बोल."

"पण तिला कळणार नाही, मॅडम."

"न कळू दे. इंग्रजी तिला फार झालंय."

मग त्यांनी सांगितलं ते मला नीट समजायला काही दिवस लागले. ती दोघं नवरा-बायको एकाच लहानशा गावची. गाव म्हणजे त्यांच्याकडची पंचायतच. मॅडम काहीतरी लांब शब्द वापरायच्या, पण नदी, बार्लीची शेतं, जंगल, एक लाकडी चर्च आणि विखुरलेली घरं, याला मी मनात पंचायतच म्हणायचे. तिथे दोन भाषा. नवरा फिनिश बोलणारा, मॅडम स्वीडिश बोलणाऱ्या. घरात बाप मुलीशी फिनिश बोलायचा, आई स्वीडिश. बहारीनला येईपर्यंत मुलगी दोन्ही बोलायची. इथे इंग्रजी नर्सरीत घातली आणि हळूहळू ती दोघांनाही इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. समजायचं सगळं. तोंडातून मात्र निघायचं नाही.

"दर शुक्रवारी आम्ही माझ्या आईला फोन लावतो," मॅडम म्हणाल्या. "तिला इंग्रजी येत नाही. ही रिसीव्हर धरून गप्प उभी राहते. पलीकडून आई हाका मारत असते."

आणि ऑगस्टमध्ये मुलीची शाळा सुरू होणार होती. गावात दोन शाळा, एक फिनिश, एक स्वीडिश. स्वीडिश शाळेत मुलं इतकी थोडी उरली होती की पहिलीत एखादं जरी कमी पडलं तरी शाळा बंद करून पोरांना बसने शेजारच्या गावी पाठवणार होते. मॅडम त्याच शाळेत शिकलेल्या. त्यांची आई तिथेच शिक्षिका होती. नवरा म्हणायचा, मुलगी जी भाषा बोलतच नाही त्या शाळेत तिला ढकलायची कशाला. फिनिश शाळेत पुष्कळ मुलं आहेत, लवकर रुळेल. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जाण्यापूर्वी ठरवायचं होतं.

"म्हणून तुझ्या भाषेत बोल," मॅडम म्हणाल्या. "इंग्रजीचा रस्ता बंद झाला तर कदाचित ती दुसरा शोधेल."

घरच्या भाषेत. मी मान हलवली, पण घरची भाषा तोंडातून काढायची मला हिंमत झाली नाही. कँटीनमधलं टेबल डोळ्यांसमोर यायचं. ती मुलगी काय, तिची आई काय, दोघींना मराठीतलं काही कळणार नव्हतं. तरीही मला वाटायचं, त्यांना ऐकूनच कळेल की ही भाषा हलकी आहे. म्हणून मी तिच्याशी क्रमिक पुस्तकातली मराठी बोलू लागले. "आपण आता चित्र रंगवूया का? हा बघ, हा हत्ती आहे." माझं मलाच ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. मुलगी माझ्याकडे बघत राहायची आणि इंग्रजीत विचारायची, तू अशी का बोलतेस? मग मी इंग्रजीवर यायचे. आल्यावर ती माझं इंग्रजी दुरुस्त करायची. "व्हेजिटेबल असं नाही म्हणायचं," असं म्हणून माझ्या तोंडाकडे निरखून बघायची, मी बरोबर म्हणेपर्यंत. मी म्हणायचे. एवढीशी पोर, आणि मला घाम फुटायचा.

असे दोन-तीन आठवडे गेले असतील. शुक्रवारी फोन व्हायचा. शनिवारी मी गेले की मॅडमच्या चेहऱ्यावरून कळायचं, तो कसा झाला ते.

मग माझ्या व्हिसाची मुदत वाढवायला बाबांबरोबर मनामाला जावं लागलं. दिवस मोडणार होता. बाबांनी आदल्या दिवशी परस्पर मॅडमना सांगून टाकलं, "नो प्रॉब्लेम, मिसेस कमिंग." आईला पाठवायचं म्हणून.

मी आईला कितीतरी सूचना दिल्या. चांगला झगा घाल. चपला बाहेर काढ. त्यांनी दिलं तरच खा. आणि शेवटी म्हटलं, "तू काही बोलू नको. नुसती तिच्याजवळ बस."

आई भाकरी थापत होती. मी तिला शिकवलेली सगळी मराठी त्या क्षणी ती विसरली. "बोलू नको तं काय करू? भितीकरं बघत बसू?"

बाबा खो खो हसले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी काम लवकर झालं. दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही परतलो आणि मी तशीच व्हिलाकडे गेले. दार उघडताच वास आला. सुक्या बोंबलांचा. एसीच्या बंद घरात, पॅक केलेल्या खोक्यांवर, पडद्यांवर, सगळीकडे तो वास पसरला होता. माझे पाय तिथेच थांबले. आईने बोंबील आणले होते. घरी साफ करायचे राहिले असतील, वेळ जाईल म्हणून इकडेच घेऊन आली असेल. तिच्या दृष्टीने त्यात काहीच वावगं नव्हतं. आमच्याकडे बायका शेजारी बसायला जाताना हातातलं काम घेऊनच जातात.

मॅडम स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. तोंडावर हात. मी जवळ जाऊन इंग्रजीत भराभर बोलू लागले. सॉरी मॅडम, शी डझन्ट नो, आय विल क्लीन एव्हरीथिंग. मॅडमनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

आतून आईचा आवाज येत होता. ती गोष्ट सांगत होती. तिच्या मावशीच्या लग्नाची. वऱ्हाड होडीतून निघालं आणि ओहोटी लागून खाडीच्या चिखलात रुतलं, ती. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण कधीची विसरले होते. आणि आई अशी बोलते, हेही विसरले होते. केवढी भरभर, मधेच आवाज चढवून, मधेच कुणाची तरी नक्कल करून. "मंग नवरा बोलतो, मी उतरून ढकलतो. अरे बाबा, तुजा सूट! सासरा बोलतो, सूट भाड्याचा हाय, बस गप."

आणि मधे मधे मुलीचा आवाज. लहान, घोगरा, घाईघाईचा. प्रश्न विचारत होती, हसत होती, काहीतरी मोठं वाक्य सांगत होती. मला एकही शब्द समजत नव्हता. इंग्रजी नव्हतं ते.

आई लगेच उत्तर देत होती, जणू तिला सगळं कळलंय. "हां, तं काय. तसाच."

"स्वीडिश," मॅडम कुजबुजल्या. बोंबलाच्या वासाने त्यांनी तोंडावर हात धरला नव्हता.

मला वाटतं, मी तेव्हा पुढे जायला नको होतं. पण मी गेले, कारण मला खाली अंथरलेलं वर्तमानपत्र आणि त्यावरची बोंबलांची डोकी तिथून आधी हलवायची होती. मी दारात दिसताच आई थांबली. पदराला हात पुसल्यासारखे झग्याला हात पुसत म्हणाली, "आलीस का? झालं का काम? आम्ही जरा गप्पा मारत होतो." स्वच्छ, माझ्या मराठीत. आणि मुलीने हातातला बोंबील वर धरला आणि इंग्रजीत मला म्हणाली, "लुक, नो हेड."

दोघींनी एकाच क्षणी भाषा बदलली होती. माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी आईला रोज बोलावलं. मला म्हणाल्या, "तूही ये, अर्थात." मी गेले, कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले. पण तेच झालं. मी खोलीत असले की आई जपून बोलायची, वाक्य तोडून तोडून, आणि मुलगी इंग्रजीत शिरायची. मी पाणी प्यायला बाहेर गेले की आतून दोघींचं पुन्हा सुरू. दोन दिवसांनी मॅडमनी मला हॉलमध्ये बोलावलं. त्या बोलायला फार अडखळत होत्या. मी त्यांना सोपं केलं. म्हटलं, "मी आत बसत नाही, मॅडम."

"तुला राग तर नाही ना आला?"

"नाही," मी म्हटलं. राग नव्हताच आला. राग आला असता तर बरं झालं असतं.

त्या मला घरी जा म्हणाल्या नाहीत. हॉलमध्ये खोक्यांच्या मधोमध दोन खुर्च्या होत्या. आतून आईचा आणि मुलीचा आवाज यायचा, आणि आम्ही दोघी बाहेर बसून चहाचे कप वर्तमानपत्रात गुंडाळायचो. त्या दुपारींत त्यांनी मला त्यांच्या पंचायतीबद्दल सांगितलं. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, प्रश्न विचारल्याशिवाय राहवायचं नाही.

त्यांच्या दुकानात दुकानदार फिनिश बोलतो आणि गिऱ्हाईक स्वीडिश, आणि कोणी आपली भाषा सोडत नाही. पंचायतीच्या सभेतही ज्याने त्याने आपलं बोलायचं. सगळं दोनदा वाचून दाखवतात, म्हणून सभा लांबते. एक म्हातारे सभासद होते. त्यांना दोन्ही उत्तम यायच्या, तरी ते दुसऱ्यांदा वाचेपर्यंत थांबून राहायचे. तेवढ्यात कॉफी पिऊन होते म्हणून. चर्चमध्ये एकाच रविवारी दोन प्रार्थना. आधी एका भाषेची माणसं, मग दुसऱ्या. मधल्या वेळात दारात गर्दी, आत जाणारे आणि बाहेर येणारे एकमेकांचे कोट ओळखून हात मिळवायचे. दोन शाळांच्या मधे एक ओढा.

"माझ्या नवऱ्याने मला दिलेली पहिली भेट म्हणजे ओढ्यापलीकडून मारलेला बर्फाचा गोळा," त्या म्हणाल्या. "कानावर बसला होता."

मला ते सगळं फार सुंदर वाटलं, तसं मी म्हणालेही. मॅडमनी हातातला कप खोक्यात ठेवला. मग त्यांनी पाटीचं सांगितलं.

गावाच्या वेशीवर रस्त्याची पाटी. तिच्यावर गावाची दोन्ही नावं, एकाखाली एक. ज्या भाषेची माणसं जास्त, तिचं नाव वर. त्या लहान असताना स्वीडिश नाव वर होतं. मग एका वर्षी माणसं मोजली गेली, आणि थोड्या दिवसांनी एक गाडी आली, शिडी आली. माणसांनी दोन्ही पट्ट्या सोडवल्या आणि अदलाबदल करून पुन्हा बसवल्या. मॅडमचे वडील ट्रॅक्टरवरून येत होते, मॅडम मागे बसलेल्या. वडिलांनी ट्रॅक्टर थांबवला आणि काम पूर्ण होईपर्यंत बघितलं. मग स्वीडिशमध्ये विचारलं, स्क्रू नीट आवळलेत ना. माणसांनी फिनिशमध्ये सांगितलं, आवळलेत. वडील ट्रॅक्टर चालू करून घरी आले.

"कोणी वाईट बोललं नाही," मॅडम म्हणाल्या. "नावं तीच, पत्रा तोच. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी तिथून मान खाली घालून सायकल न्यायचे. लाज वाटायची."

"कशाची?"

"तेच मला सांगता येत नाही. मोजताना आपण कमी भरलो, याची असेल. मग मी शहरात शिकायला गेले. आई एकदा भेटायला आली, आणि बसमध्ये मोठ्याने बोलायला लागली, तिची सवयच ती. लोक वळून बघायला लागले. मी तिला म्हटलं, आई, हळू." त्यांनी कप गुंडाळणं थांबवलं नाही. "ती पुढचा सगळा रस्ता खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिला गप्प केलं होतं. आता मुलगी फोनवर गप्प राहते, तेव्हा मला ती बस आठवते."

मला तेव्हाच माझं सांगता आलं असतं. कँटीनचं, आईला दिलेल्या सूचनांचं. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ते इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना, आणि दुसरी भाषा आमच्या दोघींत नव्हती. मी पुढचा कप उचलला. आतून मुलगी हाका मारत होती. माझ्या आईला ती 'आय' म्हणायची, कारण आईने तिला तेच शिकवलं होतं. मी कॉलेजात गेल्यापासून 'आई' म्हणत होते.

मधे एकदा आम्ही सगळे त्यांच्या गाडीतून झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. भरती ओसरली होती. आईने झगा वर खोचला आणि मुलीला घेऊन ओल्या वाळूत चिंबोऱ्या शोधायला निघाली. साहेब, म्हणजे मुलीचे वडील, माझ्याजवळ उभे होते. हडकुळे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "तुझी आई माझ्या मुलीला काय शिकवते?"

"काही नाही, सर. तिला काहीच येत नाही." मला म्हणायचं होतं, इंग्रजी येत नाही.

ते थोडे हसले. "माझ्या बायकोची भाषा परत आली. आता माझ्या भाषेसाठी मी कोणाची आई आणू?"

जाण्यापूर्वीच्या शेवटच्या शुक्रवारी मॅडमनी आईला फोनच्या वेळी बोलावलं. मुलीचा हट्ट होता. बाबा आणि मीही गेलो, पण मी आत गेले नाही. व्हरांड्याच्या काचेमागे, टोमॅटोच्या डब्यांजवळ उभी राहिले. तिथून सगळं दिसत होतं, आणि दाराला फट होती. काचेत माझा चेहरा दिसत असणार, म्हणून मी जरा बाजूला सरकले.

ट्रंक कॉल लागायला वेळ लागला. मॅडम बोलल्या, मग रिसीव्हर मुलीकडे दिला. मुलगी गप्प. रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता, तिला हाक मारणारा. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. मॅडमनी स्वतःचे दोन्ही हात घट्ट धरले होते. मुलीने माझ्या आईकडे बघितलं.

"बोल गो," आई म्हणाली. "तुजी म्हातारी हाय ती. होरीचा सांग तिला."

आणि मुलगी बोलायला लागली. आधी हळू, मग तिच्या त्या घोगऱ्या आवाजात, न थांबता. हातांनी होडी दाखवत होती, फोनवर. चिखल दाखवला. नाक धरून बोंबलाचा वास दाखवला. साहेब वळले. मॅडम खाली जमिनीवरच बसल्या.

मग मुलीने रिसीव्हर आईच्या हातात दिला. आईने तो उलटा धरला, बाबांनी सुलट करून दिला. "हां, बोला," आई म्हणाली. पलीकडून काहीतरी आलं. "हां. पोर चांगली हाय. लय हुशार. जेवते थोडा कमी." पलीकडून पुन्हा काहीतरी. "तुमच्या इकरं थंडी हाय ना? इकरं तं निस्ती आग." बराच वेळ चाललं. एकदा साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग मनगट खाली केलं. आई आता हसत होती, आणि फोनमधूनही हसण्याचा आवाज आला.

"आमच्या पंचायतीची सभा," साहेब म्हणाले.

आईने फोन ठेवला. मग साहेब मॅडमना काहीतरी म्हणाले आणि स्वतःच ते बाबांसाठी इंग्रजीतही बोलले. "ठीक आहे. पाटीवरच्या खालच्या नावाची शाळा. बर्फाचे गोळे चुकवायला मी तिला शिकवीन."

मॅडमनी काचेकडे बघून मला आत येण्याची खूण केली. मी मान हलवून नको म्हटलं. मी आत गेले असते तर मुलगी इंग्रजीत बोलली असती.

ते गेले. सुके बोंबील बरोबर घेऊन गेले, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून. पुढे शाळा राहिली की बंद झाली, मला माहीत नाही. माझी सुट्टी संपायला आठवडा होता. आमच्या दोन खोल्यांत जनरेटरच्या आवाजात मी आणि आई, बाबा कामावर. आई मला 'बस ना', 'जेवून घे ना', 'थकलीस का' असं म्हणायची. किती नीट बोलायची ती. दोन वर्षांत तिने हे शिकून घेतलं होतं, कोणत्याही शाळेत न जाता, भाकरी थापता थापता, फक्त माझ्याशी बोलता यावं म्हणून. आणि मी त्याला दुरुस्ती म्हणत होते.

एका दुपारी मी आमच्या बोलीत तिला म्हटलं, होरीची गोष्ट मना सांग. कितीतरी दिवसांनी तोंडातून ते शब्द काढले आणि ते नाटकातल्यासारखे वाटले. आईने माझ्याकडे चमकून बघितलं. आपली कोणी नक्कल करतंय का, असं बघावं तसं.

"कुठली गोष्ट?" ती म्हणाली.

"मावशीच्या लग्नाची."

"अगं, ती होय." ती झग्याची बाही नीट करत सरळ बसली. "माझ्या मावशीचं लग्न होतं. वऱ्हाड होडीतून निघालं. ओहोटी लागली आणि होडी चिखलात अडकली. मग भरती आली तेव्हा सुटली. लग्न झालं."

मी वाट बघत राहिले.

"झालं," आई म्हणाली. "एवढीच आहे."

त्या मुलीला सांगताना ती गोष्ट दुपारभर पुरली होती. त्यात नवऱ्याचा भाड्याचा सूट होता, सासरा होता. चिखलात बसून वाजवणारा बँडसुद्धा होता; दाराआडून ऐकला होता मी. माझ्या भाषेत यातलं काहीच उरलं नव्हतं.

मला काय करावं कळेना. मी उठले, कोपऱ्यात भांडी होती ती घासायला घेतली. आईकडे पाठ झाली. नळ बारीक सोडला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "आणि बँडवाले?"

मी वळले नाही. तीच ताटली पुन्हा पुन्हा घासत राहिले.

"बँडवाल्यांचा काय विचारतं," आई हळूच म्हणाली. "त्यांचा ढोल पयला चिखलात गेला. मंग तो मोठा पिपानीवाला, जारा, काला, तो बोलतो..."

मी नळ बंद केला, पण तोंड भिंतीकडेच ठेवलं.